एका तारेवरचा सूचनाफलक

शाळेच्या व्हरांड्यांत, वाचनालयाच्या दारांत किंवा व्यायामशाळेच्या भिंतीवर टांगलेला सूचनाफलक सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी त्यावर सभेची वर्दी लावतो, कोणी हरवलेल्या छत्रीची चौकशी करतो, कोणी मागील इयत्तेचीं पुस्तकें विकावयास काढतो. येणारा-जाणारा क्षणभर थांबून वाचतो, आणि सांगण्यासारखें कांहीं असल्यास आपलाहि एक कागद टांचून पुढें जातो. हाच फलक भिंतीवर न टांगतां टेलिफोनच्या तारेवर टांगावा, म्हणजे दूरच्या माणसास तो घरबसल्या वाचतां येईल व त्यावर लिहितांहि येईल, ही कल्पना प्रथम अंमलांत आली तेव्हां इंटरनेट हें नांवहि सामान्य माणसाच्या कानीं पडलें नव्हतें. त्या फलकावर छायाचित्रें नव्हतीं, गाणीं नव्हतीं. आणि बहुतेक फलकांवर एका वेळीं एकाच मनुष्यास प्रवेश मिळे.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुमच्या हातांत जें साधन आहे त्याच्या मानानें हें सारें फार तोकडें वाटेल. परंतु तोकड्या साधनानें माणसांस कोणतें वळण लावलें, आणि साधन मोठें झाल्यावर त्या वळणाचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. म्हणून हे फलक चालत कसे, ते कोणीं उभारले, आणि त्यांपासून आपण काय घ्यावें, ह्या क्रमानें विचार करूं. हकीकत मुख्यतः अमेरिकेंतील आहे, कारण तेथेंच हे फलक जन्मास आले. पण तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोंचतो.

तारेंतून अक्षरें कशीं जात

टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्याकरितां घातलेली असते. सेकंदास सुमारें ३०० पासून ३,४०० पर्यंत कंपनें असलेला ध्वनि तिच्या योगानें नीट पोहोंचतो. त्याहून खालचा किंवा त्याहून वरचा स्वर वाटेंतच गळतो. उलट संगणकाची लिपि केवळ दोन चिन्हांची, शून्य आणि एक. ह्या दोन चिन्हांचे सूर बनविणारें, व पलीकडे त्या सुरांचीं पुन्हां चिन्हें बनविणारें जें यंत्र, त्यास मॉडेम म्हणतात.

अमेरिकेंत १९६२ सालीं प्रचारांत आलेल्या 'बेल १०३' ह्या मॉडेमची योजना पाहिली म्हणजे हें तत्त्व स्पष्ट होईल. फोन करणारें यंत्र शून्यासाठीं १,०७० कंपनांचा व एकासाठीं १,२७० कंपनांचा सूर काढी. फोन घेणारें यंत्र शून्यासाठीं २,०२५ व एकासाठीं २,२२५ कंपनांचा सूर काढी. एकाची जोडी खालच्या पट्टींतील व दुसऱ्याची वरच्या पट्टींतील असल्यामुळें दोन्ही यंत्रें एकाच तारेवर एकाच वेळीं बोलत, तरी एकाचें बोलणें दुसऱ्याच्या बोलण्यांत मिसळत नसे. एकाच बैठकींत एक गवई खर्जांत व दुसरा वरच्या सप्तकांत गात असला, तरी जाणता श्रोता दोघांस वेगवेगळें ऐकूं शकतो, तसाच हा प्रकार होय.

आतां वेगाचा हिशोब करूं. ह्या यंत्रांतून सेकंदास ३०० चिन्हें जात. एका रोमन अक्षरास आठ चिन्हें, शिवाय अक्षराचा आरंभ व शेवट दाखविणारें एकेक, अशीं दहा चिन्हें लागत. म्हणजे सेकंदास तीस अक्षरें झालीं. एका छापील पानावर १,८०० अक्षरें धरलीं, तर तें पान येण्यास बरोबर एक मिनिट लागे. अक्षरें पडद्यावर एकामागून एक उमटत, आणि वाचणाऱ्याची नजर जवळजवळ त्यांच्या बरोबरीनें चाले. दहा लक्ष अक्षरांइतकी जागा घेणारें एखादें छायाचित्र ह्या वेगानें येण्यास सुमारें सव्वानऊ तास लागले असते. फलकांवर मुख्यतः लेखनच कां असे, ह्याचें कारण ह्या एका भागाकारांत आहे.

फोनच्या तारेस स्वतःचें यंत्र जोडणें हेंहि प्रारंभीं सोपें नव्हतें. अमेरिकेंतील टेलिफोन कंपनी परक्याचें उपकरण आपल्या जाळ्यास जोडूं देत नसे. म्हणून फोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत बसवावयाचा, व तारेस न शिवतां हवेंतूनच सूर ऐकवावयाचे व ऐकावयाचे, अशी युक्ति निघाली. १९६८ सालीं 'कार्टरफोन' नांवाच्या उपकरणाच्या प्रकरणांत तेथील सरकारी दळणवळण आयोगानें कंपनीचा हा निर्बंध अयोग्य ठरविला. त्या निर्णयानें घरगुती मॉडेमची वाट मोकळी झाली. एखादें साधन लोकांच्या हातीं येण्यास केवळ कुशल कारागीर पुरत नाहीं; न्यायाचा एखादा दरवाजाहि उघडावा लागतो, हें येथें ध्यानांत घ्यावें.

हिमवादळांत जन्मलेला फलक

ह्या फलकांस एक वडील भावंड आहे. ऑगस्ट १९७३ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें 'लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स' ह्या गाण्यांच्या तबकड्यांच्या दुकानांत 'कम्युनिटी मेमरी' नांवाचा प्रयोग सुरू झाला. वादक मंडळींचा साधा फलक तेथें भिंतीवर होताच; त्याच्या शेजारीं एक टंकयंत्र मांडून तें सॅन फ्रान्सिस्को येथील एका मोठ्या संगणकास तारेनें जोडलें होतें. कोणीहि यावें, आपली सूचना टंकावी, दुसऱ्यांच्या सूचना शोधाव्या. परंतु त्यासाठीं दुकानापर्यंत चालत जावें लागे.

घरबसल्या वापरण्याचा पहिला फलक शिकागो शहरांत निर्माण झाला. तेथें हौशी संगणकप्रेमींचें एक मंडळ होतें, व त्याच्या सभेच्या जागीं टांचण्यांनीं कागद लावण्याचा एक फलक होता. जानेवारी १९७८ मध्यें शिकागोवर मोठें हिमवादळ आलें, रस्ते बुजून गेले व लोक घरांत अडकून पडले. मंडळाचे दोन सभासद, वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस, ह्यांनीं त्या सक्तीच्या सुट्टींत हा फलक संगणकावर उतरविण्याचें योजिलें. क्रिस्टेन्सन ह्यांनीं आज्ञावली, म्हणजे संगणकानें पाळावयाच्या सूचनांचा क्रम, लिहिली; स्यूस ह्यांनीं यंत्रांची जुळणी केली. १६ फेब्रुवारी १९७८ रोजीं हा फलक रीतसर सुरू झाला. तार एक, यंत्र एक. एकजण वाचत असला म्हणजे दुसऱ्यास फोन गुंतल्याचा नाद ऐकूं येई, आणि त्यानें कांहीं वेळानें पुन्हां प्रयत्न करावा.

त्यांनीं पुढें जें केलें तें मला अधिक महत्त्वाचें वाटतें. आपली युक्ति गुप्त न ठेवतां नोव्हेंबर १९७८ च्या 'बाइट' मासिकांत त्यांनीं ती लेखरूपानें सर्वांपुढें मांडली. वाचकांनीं ती वाचली, आपापल्या घरीं यंत्रें जुळविलीं, आणि पुढील दहा-बारा वर्षांत अमेरिकेंत व इतर देशांत असे हजारों फलक उभे राहिले. पहिल्या फलकानें स्वतः बंद होईपर्यंत अडीच लाखांहून अधिक फोन घेतले. स्यूस डिसेंबर २०१९ मध्यें व क्रिस्टेन्सन ऑक्टोबर २०२४ मध्यें वारले. श्रीमंत म्हणून त्यांचें नांव झालें नाहीं, उपकारकर्ते म्हणून मात्र झालें.

चूक कशी सांपडे

टेलिफोनच्या तारेंत खरखर असते. बोलण्यांत ती चालते, कारण एखादा शब्द बुडाला तरी आपण तो संदर्भानें भरून काढतों. पण आज्ञावलींतील एक चिन्ह बदललें तरी सारी आज्ञावली निरुपयोगी होऊं शकते. ह्यावर क्रिस्टेन्सन ह्यांनीं १९७७ सालींच एक उपाय काढला होता. 'एक्समॉडेम' ह्या नांवानें तो पुढें प्रसिद्ध झाला.

मजकुराचे १२८ अक्षरांचे गट करावयाचे. संगणकांत प्रत्येक अक्षर म्हणजे ० ते २५५ ह्यांपैकीं एक अंक असतो. गटांतील सर्व अंकांची बेरीज करून तिला २५६ नें भागावयाचें, व जी बाकी उरेल ती गटाच्या शेवटीं पाठवावयाची. घेणारा तीच बेरीज पुन्हां करून पाहतो. बाकी जुळली तर 'पोहोंचलें' असें कळवितो; न जुळली तर 'पुन्हां पाठवा' असें कळवितो. समजा, गटांत केवळ चार अंक आहेत : २००, ९०, ७५ व १५०. बेरीज ५१५, त्यास २५६ नें भागतां बाकी ३. आतां वाटेंत ९० चे ९१ झाले, तर घेणाऱ्याची बाकी ४ येईल, व चूक तत्काळ उघड होईल. मात्र एक अंक एकानें वाढला व दुसरा एकानें घटला, तर बाकी तीच राहील आणि चूक निसटेल. म्हणून पुढें ह्याहून सूक्ष्म तपासणीच्या रीति निघाल्या. परंतु पांचवींतल्या मुलाच्या बेरीज-भागाकारावर उभी असलेली ही साधी रीति अनेक वर्षें जगभर वापरली गेली, कारण क्रिस्टेन्सन ह्यांनीं ती सर्वांस विनामूल्य देऊन टाकली होती.

रांगेची शिस्त

बहुतेक फलक कोणा हौशी गृहस्थाच्या घरांतील एखाद्या खोलींत असत. यंत्राचा खर्च, विजेचा खर्च व तारेचें भाडें तोच सोशी. फलकावर कोण येतो, काय लिहितो, ह्यावर त्याची नजर असे. आणि कोणास कांहीं तक्रार असेल तर ती त्याच्याच नांवें लिहितां येई. तो फलकाचा चालक होय.

तार एकच, व बाहेर तिष्ठणारे अनेक. ह्या अडचणींतून आपोआप कांहीं नियम निघाले. प्रत्येकास दिवसाकांठीं ठराविकच वेळ मिळे, आणि ती संपतांच जोडणी तुटे. फलकावरील आज्ञावली नेणाऱ्यानें स्वतःहि कांहीं उपयुक्त आणून ठेवावें, असा दंडक पुष्कळ ठिकाणीं होता. केवळ नेणाऱ्याचा हात कांहीं दिवसांनीं आखडला जाई. प्रश्न विचारण्यापूर्वीं जुनीं पत्रें वाचावीं, एकच गोष्ट दोनदां लिहूं नये, मोजकें लिहावें, हे संकेत नवागतास लवकरच समजत. कारण त्यानें वायां घालविलेलें प्रत्येक मिनिट पुढच्या माणसाच्या वाट्यांतून जात असे.

ह्याहूनहि चांगली एक संवय पुढें पडली. फोन जोडावा, नवीं पत्रें आपल्या संगणकावर उतरवून घ्यावीं, व लगेच फोन ठेवून द्यावा. मग सावकाश वाचावें, उत्तरें लिहावीं, आणि पुन्हां फोन करून तीं एकदम पाठवावीं. ह्यांत हेतु पैसे वांचविण्याचा होता. पण वाचणें आणि उत्तर देणें ह्यांच्यामध्यें तासाभराचें अंतर पडलें, म्हणजे रागाच्या भरांत लिहिलेलें पत्र पाठविण्यापूर्वीं फाडून टाकण्यास अवकाश मिळतो, हा लाभ अनायासें पदरांत पडला.

हें चित्र सर्वस्वीं गोड आहे असें मात्र कोणी समजूं नये. चोरलेल्या आज्ञावलींची देवघेव करणारे फलक होते, खोटीं नांवें घेऊन दुसऱ्यास छळणारे लोक होते, भांडणें होतीं, आणि मनमानी करणारे चालकहि होते. शिवाय ज्याच्या घरीं संगणक आणि टेलिफोन दोन्ही आहेत, अशा सुस्थितींतल्या माणसालाच ह्या फलकांचें दार उघडें होतें. पण एक गोष्ट खरी कीं, जेथें चालक वाईट असे तेथून लोक दुसऱ्या फलकावर जात, आणि तो दुसरा फलक पुष्कळदां त्यांच्यापैकींच कोणी आपल्या घरीं उभा केलेला असे.

रात्रींचा टपाली

प्रत्येक फलक हें एक वेगळें बेट होतें. त्यांस जोडण्याचें काम १९८४ सालीं सुरू झालें. सॅन फ्रान्सिस्को येथील टॉम जेनिंग्स ह्यांनीं लिहिलेल्या 'फिडो' ह्या आज्ञावलीच्या साह्यानें त्यांचा फलक व देशाच्या दुसऱ्या टोंकास, बाल्टिमोर येथें, जॉन मॅडिल ह्यांनीं चालविलेला फलक हे एकमेकांस पत्रें पोहोंचवूं लागले. अमेरिकेंत परगांवच्या फोनचा दर रात्रीं उतरत असे. म्हणून दिवसभर जमलेलीं पत्रें एकत्र बांधून यंत्रानें रात्रीं ठरलेल्या तासाला आपण होऊन फोन करावा, आपला गठ्ठा द्यावा, त्याचा घ्यावा, व निजावें. अशा रीतीनें फलकापासून फलकापर्यंत उड्या मारीत पत्र एक-दोन दिवसांत दूरदेशीं पोहोंचे. ह्या व्यवस्थेस 'फिडोनेट' म्हणत. १९८६ सालीं डल्लास येथील जेफ रश ह्यांनीं तींत भर घालून एकच चर्चा सर्व फलकांवर एकदम चालावी अशी सोय केली. १९९५ च्या सुमारास फिडोनेटांतील केंद्रांची संख्या तीस हजारांहून अधिक झाली होती, आणि ह्या साऱ्या डोलाऱ्याचा खर्च मुख्यतः हौशी माणसांच्या खिशांतून होत असे. ह्या व्यवस्थेच्या वर्तननियमांचें सार दोनच गोष्टींत सांगत : दुसऱ्यास फार त्रास देऊं नये, आणि दुसऱ्याच्या वागण्यानें स्वतः फार लवकर त्रासून जाऊं नये. ह्यांतील पहिला नियम सर्वत्र आढळतो, दुसरा क्वचित्.

फलकाचा उपयोग केवळ संगणकाच्या हौशीपुरता नव्हता, हें दाखविण्यास एक उदाहरण पुरे आहे. क्लीव्हलंड शहरांतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठांत टॉम ग्रंडनर ह्या प्राध्यापकांनीं १९८४ सालीं एका तारेचा साधा फलक मांडला व त्यास 'सेंट सिलिकॉन्स हॉस्पिटल' असें विनोदी नांव दिलें. आपल्या दुखण्याविषयीं कोणीहि त्यावर प्रश्न लिहावा. चोवीस तासांच्या आंत डॉक्टरचें उत्तर तेथें मिळे. त्याचा उपयोग पाहून १९८६ सालीं 'क्लीव्हलंड फ्री-नेट' ही साऱ्या शहरासाठीं विनामूल्य व्यवस्था निघाली, व ती १९९९ पर्यंत चालली. ज्यास दवाखान्यांत प्रश्न विचारण्याचा संकोच वाटे, तो रात्रीं एकटा बसून तो लिहूं शकला. साधन तोकडें असलें तरी पलीकडे जबाबदार माणूस असला, म्हणजे तें किती उपयोगी पडतें, हें ह्यावरून कळेल.

मुंबईपर्यंत आलेला धागा

आपल्या देशांत अडचण मुळांतच होती. १९९१ सालीं भारताची लोकसंख्या सुमारें ८४ कोटी व टेलिफोन सुमारें ५० लाख. म्हणजे जवळजवळ १७० माणसांमागें एक. परगांवच्या फोनचा दर रात्रीं अकरानंतर चतुर्थांशावर येई, म्हणून एस.टी.डी.च्या पिवळ्या पाटीच्या दुकानांसमोर रात्रीं रांगा लागत, हें पालकांपैकीं अनेकांस स्मरत असेल. अशा काळांतहि मुंबई, बंगळूर ह्यांसारख्या शहरांत कांहीं हौशी मंडळींनीं टेलिफोनवरील फलक चालविले. बंगळूर येथें 'सी-आय-एक्स' हा फलक चालविणारे अतुल चिटणीस हे पुढें मुक्त आज्ञावलींच्या चळवळींतील एक कार्यकर्ते म्हणून ओळखले गेले. ते २०१३ सालीं वारले.

शिक्षणसंस्थांकरितां सरकारनें १९८६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्यानें 'एर्नेट' हें जाळें हातीं घेतलें. पांच आय.आय.टी., बंगळूरची विज्ञानसंस्था, दिल्लीचें इलेक्ट्रॉनिक्स खातें व मुंबईंत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, अशा आठ ठिकाणीं त्याचा आरंभ झाला. ह्या मुंबईच्या केंद्राचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी ह्यांचा ह्या कार्यांत मोठा वांटा होता. तेथील यंत्रेंहि प्रारंभीं साध्या टेलिफोनवरूनच एकमेकांस पत्रें पोहोंचवीत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य ग्राहकांकरितां इंटरनेट खुलें केलें. पूर्ण जोडणीचा दर २५० तासांस १५,००० रुपये, म्हणजे तासास ६० रुपये होता; आणि टेलिफोनचें बिल निराळें. त्याहून स्वस्त जोडणींत केवळ अक्षरें दिसत, चित्रें नव्हत. विद्यार्थ्यांसाठीं ह्या प्रकारची सवलतीची योजना होती. १९९८ सालीं खासगी कंपन्यांस परवानगी मिळाली, आणि मग गल्लोगल्लीं सायबर-कॅफे दिसूं लागले. मॉडेमची किरकिर ऐकत जोडणी लागण्याची वाट पाहणें हा त्या पिढीचा नित्यक्रमच होता.

मराठी वाचकांस ह्यांत आणखी एक अडचण होती. त्या काळच्या यंत्रांची वर्णमाला १२८ चिन्हांची, आणि ती सारी रोमन लिपीसाठीं घडविलेली. म्हणून परदेशीं असलेले मराठी लोक एकमेकांस मराठींत लिहीत, तेंहि रोमन अक्षरांत; 'ळ' कसा लिहावा व 'ल' कसा, ह्यावरहि गोंधळ होई. भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' हें प्रमाण १९९१ सालीं ठरलें, त्याच वर्षीं निघालेल्या 'युनिकोड'च्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें, व पुढें हळूहळू सर्व यंत्रांवर आपली लिपि सरळ उमटूं लागली. १ मे २००३ रोजीं मराठी विकिपीडिया सुरू झाला. जी सोय आज आपण गृहीत धरतों, ती मिळविण्यास भाषेला अशी वाट चालावी लागली.

फलकांचा अस्त

स्वित्झर्लंडमधील 'सर्न' ह्या संशोधनसंस्थेंत निर्माण झालेलें वेब १९९१ सालीं जगापुढें आलें, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें तें सर्वांस विनामूल्य खुलें केलें. एका फोनवर साऱ्या जगाचीं पानें दिसूं लागल्यावर एका घरांतील एका यंत्रास फोन करण्याचें प्रयोजन उरलें नाहीं. चार-पांच वर्षांत बहुतेक फलक बंद पडले. चालकानें यंत्र विकलें किंवा अडगळींत टाकलें, कीं त्यावरील वर्षानुवर्षांचीं पत्रें, सल्ले, विनोद व वादविवाद सारें नष्ट होई. कारण त्याची दुसरी प्रत कोठेंहि नसे. जेसन स्कॉट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९९८ पासून अशा फलकांवरील हाती लागेल तो मजकूर गोळा करून जतन केला, व २००५ सालीं त्या काळच्या माणसांच्या मुलाखतींचा एक मोठा माहितीपट तयार केला. म्हणून आपणांस आज हें थोडेंबहुत ठाऊक आहे. टेलिफोनवरून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांपैकीं एकेकाळीं अमेरिकेंत अग्रगण्य असलेल्या 'एओएल'नें आपली ती सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद केली.

आपण काय घ्यावें

तो काळ परत यावा असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. आज खेड्यांतील मुलास जें ज्ञान एका क्षणांत मिळतें, तें त्या वेळीं मोठ्या शहरांतील श्रीमंतासहि मिळत नव्हतें. तार रुंद झाली हें चांगलेंच झालें. परंतु अरुंद तारेमुळें ज्या गोष्टी आपोआप होत, त्या आतां आपण जाणूनबुजून कराव्या लागतील.

त्या काळीं आपल्या मागें कोणी तिष्ठत आहे हें गुंतलेल्या फोनचा नाद सांगे. आज तो नाद ऐकूं येत नाहीं, तरी वाचणाऱ्याचा वेळ तितकाच मोलाचा आहे. त्या काळीं उत्तर देण्यापूर्वीं फोन ठेवावा लागे. आज तो ठेवणें आपल्या इच्छेवर आहे, आणि रागाच्या वेळीं तर तो अवश्य ठेवावा. त्या काळीं नेणाऱ्यास कांहीं आणून द्यावें लागे. आज कोणी मागत नाहीं, म्हणून आपण केवळ नेणारेच होऊन बसण्याचा संभव आहे. विद्यार्थ्यांनो, आपल्या गांवच्या देवळाविषयीं, नदीविषयीं, एखाद्या जुन्या शाळेविषयीं वडीलधाऱ्यांस विचारून, छापील पुस्तकांशीं पडताळून, चार खरीं वाक्यें मराठी विकिपीडियावर लिहिलींत, तर तुम्ही त्या जुन्या दंडकाचें पालन केलेंत असें होईल.

पालकांस एवढीच विनंति कीं, मूल संध्याकाळीं कोणाच्या घरीं जातें हें आपण जसें विचारतों, तसें तें तासन्‌तास ज्या फलकावर बसतें त्याचा धनी कोण, तेथें लहानांस त्रास झाला तर तक्रार कोणाकडे करावयाची, व ती कोणी ऐकतो काय, हेंहि विचारावें. जुन्या फलकावर ह्या प्रश्नाचें उत्तर एका माणसाचें नांव हें होतें. आज उत्तर शोधावें लागतें. पण तें शोधल्याशिवाय मुलास तेथें एकटें सोडूं नये.

अभ्यासासाठीं

१. सेकंदास २८,८०० चिन्हें नेणारें मॉडेम १९९४ सालीं प्रचारांत आलें. एका अक्षरास दहा चिन्हें धरून, दहा लक्ष अक्षरांचें चित्र त्यावरून येण्यास किती मिनिटें लागतील तें काढा, व वर दिलेल्या सव्वानऊ तासांशीं तुलना करा.

२. १२०, २४०, ३३ व १९९ ह्या चार अंकांच्या गटाची बाकी काढा. नंतर बाकी तीच राहील अशा रीतीनें दोन अंक बदलून दाखवा.

३. तुमच्या शाळेकरितां एका तारेचा फलक चालवावयाचा झाला, तर रोज प्रत्येकास किती मिनिटें द्याल? नियम चार वाक्यांत लिहा, व ते आपल्या वडिलांस किंवा आईस वाचून दाखवा.

४. घरांतील वडील मंडळींस त्यांच्या पहिल्या इंटरनेट-जोडणीविषयीं विचारा. वर्ष, गांव व खर्च ह्यांसह त्यांची आठवण एका पानांत लिहून ठेवा, आणि त्या पानाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणींहि जपून ठेवा.